एकशे चाळीस नंबर, त्यांतले चौदा खरे

“मॅडम, कानाला हात लावू नका. मुद्देमाल आहे तो.”

जमादार असं म्हणाले तेव्हा मी ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात उकिडवी बसले होते आणि एका काळ्या शेळीचा कान माझ्या चिमटीत होता. कानात पिवळा टॅग, टॅगवर बारा आकडी नंबर. शेण लागल्यामुळे शेवटचे दोन आकडे दिसत नव्हते. मी रुमालाने ते पुसले, वहीत नंबर उतरवला आणि म्हटलं, “मुद्देमाल वाचायला तरी परवानगी आहे ना?”

मी चिडलेली होते आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार. आदल्या दुपारपासून चिडलेली होते. खरं सांगायचं तर आज हे लिहिताना सुद्धा तशीच आहे.

मी पशुसंवर्धनाच्या कामात सांख्यिकी सहायक होते. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. सांख्यिकी सहायक म्हणजे डॉक्टर नव्हे. जनावरं किती, लसी किती, टॅग किती, याचे तक्ते करायचे आणि वर पाठवायचे, एवढंच काम. गणितात एम.एस्सी. केलं आणि एकतीस वर्षं गाई-म्हशी-शेळ्या मोजल्या. घरचे चिडवायचे की तुझं गणित शेवटी गोठ्यातच गेलं. गेलं तर गेलं, पण त्या दिवशी ते गोठ्यातच कामाला आलं.

आदल्या दिवशी मुरुमजवळच्या या गावात शेळ्यांचं प्रदर्शन होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं आहे. अंगाने काळीभोर, लांब कान, बहुतेक वेळा जुळी पिल्लं देणारी. सिद्राममामांनी एक बोकड आणि पाच दुभत्या शेळ्या आणल्या होत्या. मामा साठीचे. आधी मेंढरं राखायचे, गुडघे गेल्यावर घरालगत शेळ्या पाळायला लागले. पाच शेळ्यांच्या गटात त्यांचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी दुसऱ्यांदा बघायची गरजच पडली नाही, इतक्या त्या शेळ्या उजव्या होत्या.

बक्षीस देताना टॅग मोबाइलवर स्कॅन करायचा आणि सिस्टीममध्ये येईल ते मालकाचं नाव माइकवर वाचायचं, ही आमच्या साहेबांची कल्पना. स्कॅन मी करत होते, माइक साहेबांच्या हातात होता. आधी बोकडाचा टॅग स्कॅन केला. नाव आलं सिद्राम. टाळ्या पडल्या. मग पहिली शेळी. नाव आलं बसवणप्पा. दुसरी, बसवणप्पा. पाचही शेळ्या बसवणप्पाच्या निघाल्या.

बसवणप्पा त्याच गावचे, मंडपात पुढेच बसले होते. त्यांच्या चार शेळ्या चार महिन्यांपूर्वी चोरीला गेल्या होत्या आणि पोलिसांत तक्रार होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

साहेब माइक बाजूला न करताच म्हणाले, “चोरीच्या शेळ्या प्रदर्शनात आणता? वर बक्षीस पाहिजे?”

मंडपात चारेकशे माणसं होती. मामा उभेच राहिले. मग म्हणाले, “सायेब, ह्या शेरडांच्या आयासुदीक माज्याच दारात व्याल्यात. म्या कशाला कुणाची आणू?”

“कानात काय आहे ते सिस्टीम सांगते. माणूस खोटं बोलेल, सिस्टीम बोलत नाही.”

मी साहेबांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “सर, चोरीला गेल्यात चार. इथं पाच आहेत.”

“पाचवी नंतर नेली असेल,” साहेब म्हणाले. एवढ्यावर विषय संपला.

बसवणप्पांना विचारलं तर ते बिचारे गोंधळून गेले. म्हणाले, “काळी शेळी काळीच दिसती बा. मोबाइल म्हनतोय तर असतील.” बंदोबस्ताला आलेल्या जमादारांनी पंचनामा केला आणि पाच शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. बक्षीस दुसऱ्या नंबरवाल्याला दिलं. मामांच्या घरी या पाच शेळ्यांची आठ पिल्लं आईची वाट बघत बांधलेली होती. मामा ते सांगत होते, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. मीही थांबले नाही. जीप निघाली आणि मी जीपमध्ये बसले.

घरी पोचेपर्यंत मला एकच गोष्ट खुपत होती. चोराने चोरलेल्या शेळ्या नेमक्या टॅगसकट, सरकारी प्रदर्शनात, मालकाच्या डोळ्यांदेखत आणल्या. इतका मूर्ख चोर मी तरी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीने परत त्या गावी गेले.

तर मी कोंडवाड्यात बसून पाच नंबर उतरवले. पहिला होता २७०४१८३६५२२६. म्हणजे सत्तावीस हजार एक्केचाळीस कोटी त्र्याऐंशी लाख पासष्ट हजार दोनशे सव्वीस. पुढचे चार पहिल्या आठ आकड्यांत सारखेच होते, फक्त शेवट वेगळे. ५२३४, ५२४२, ५२५९ आणि ५२६७.

हे शेवट बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. नंबर एकामागोमाग एक नव्हते, मध्ये आठ-आठची उडी होती. एका ठिकाणी सतराची. कारण या नंबरातले पहिले अकराच आकडे क्रमाने वाढतात. बारावा आकडा मोजणीचा नाहीच. तो पहाऱ्याचा आहे.

हे जरा समजावून सांगते, अवघड नाही. शेवटचा आकडा सोडा. उरलेल्यांपैकी उजवीकडून पहिला दुप्पट करा, दुसरा तसाच ठेवा, तिसरा दुप्पट, चौथा तसाच. दुपटीत नवाच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा करा. सगळ्यांची बेरीज करा आणि तीत शेवटचा आकडा मिळवा. एकूण बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला तर नंबर खरा, नाही तर खोटा. पहिल्या शेळीचं करून बघा. अकरा आकड्यांची बेरीज चव्वेचाळीस येते, शेवटचा सहा मिळवला की पन्नास. बरोबर. तिथे सहाच्या जागी पाच लिहिला की एकोणपन्नास, म्हणजे चूक. एक आकडा चुकला तर हा नियम नक्की पकडतो. शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. एवढा मोठा नंबर माणूस चुकतच लिहिणार, म्हणून नंबर बनवणाऱ्याने त्यातच तपासणी घालून ठेवलेली असते.

जमादार माझी आकडेमोड वाकून बघत होते. म्हणाले, “हे तुमी मनानंच ठरवलं का मॅडम?”

“तुमच्या मोबाइलचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर काढा.”

त्यांनी मोबाइलवर स्टार, हॅश वगैरे दाबून तो काढला. चोरीच्या मोबाइलच्या तपासात त्यांना तो रोज लागत असणार. मी म्हटलं आता तुम्हीच करा, हाच नियम. ते कोंडवाड्याच्या कठड्यावर पंचनाम्याचा कागद उलटा करून बेरीज करत बसले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बेरीज साठ आली.

“ह्याला दहानं भाग जातो की,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची मागवली.

पाचही शेळ्यांच्या कानातले नंबर खरे होते. मग मी लॅपटॉपवर त्या गावाची यादी उघडली. गावात टॅग मारलेल्या शेळ्या एकशे चाळीस. यादीतला पहिला नंबर ५२०० वर संपणारा, दुसरा ५२०१ वर, तिसरा ५२०२ वर. असे ओळीने ५३३९ पर्यंत. मी कपाळाला हात लावला. अशी सलग यादी असूच शकत नाही. लागोपाठच्या दहा नंबरांत एकच खरा असतो. एकशे चाळीसमध्ये चौदा. उरलेले एकशे सव्वीस टॅग जगात कुठल्याच कानात नाहीत, कारण ते कुणी बनवलेलेच नाहीत.

आता चूक कशी झाली ते बघा. टॅग मारताना पहिली पाळी सिद्राममामांच्या पंचवीस शेळ्यांची होती. यादीत त्यांच्या नावावर ५२०० ते ५२२४ पडले. त्यानंतर बसवणप्पांच्या साठ शेळ्या, त्यांना ५२२५ पासून ५२८४ पर्यंत. प्रत्यक्षात मामांच्या तिसऱ्याच शेळीच्या कानात ५२२६ होता. म्हणजे सिस्टीमच्या मते ती बसवणप्पांची. बोकडाच्या कानात ५२१८, तो चुकून मामांच्याच हद्दीत पडला, म्हणून त्याचं नाव बरोबर आलं. आणि मामा चांगल्या दुभत्या शेळ्या दारापाशी बांधतात, त्यामुळे टॅग आधी त्यांनाच बसले आणि त्याच नेमक्या परक्या ठरल्या. ज्यांची नीट निगा ठेवली त्यांच्याचमुळे माणूस चोर झाला.

मी मानेंना फोन लावला. माने म्हणजे त्या भागाचे पशुधन पर्यवेक्षक, गावोगाव फिरून टॅग मारणारे. चार गावं, एक मोटारसायकल.

“माने, टॅग मारताना नंबर वाचून लिहिले होते का?”

“मॅडम, शेळी पाय झाडती, मालक शिव्या देतो, तितं बारा आकडे कोन वाचतंय? पाकिटावरचा पहिला नंबर लिवला, कुणाची किती शेरडं ते लिवलं. पासून-पर्यंत.”

पासून-पर्यंत. आमच्या सगळ्या कचेऱ्यांचा हा कुळाचार आहे. पावतीपुस्तक अमुकपासून तमुकपर्यंत, लसीच्या बाटल्या अमुकपासून तमुकपर्यंत. पावतीपुस्तकाला ते चालतं. ऑपरेटरने पहिला नंबर टाकला आणि माउस धरून खाली ओढला. एका मिनिटात एकशे चाळीस शेळ्या झाल्या.

“पण माने, असा नंबर टाकला की स्क्रीनवर लाल ओळ येते. नंबर अवैध. ती आली नाही?”

माने म्हणाले, “आली की. धा नंबरला नऊ येळा आली. ऑपरेटरनं कळवलं बी वर. मग मेसेज आला, तुमाला धाडतो.”

त्यांनी मेसेज पाठवला. ग्रुपवरचा, खुद्द आमच्या साहेबांचा. ‘एकेक नोंद करताना एरर येत असल्यास एक्सेल फाइल एकत्र अपलोड करावी, त्यात तपासणी होत नाही. संध्याकाळपर्यंत शंभर टक्के पाहिजे.’ खाली सगळ्यांचे अंगठे होते.

माझं डोकं फिरलं ते इथे. माने दमलेला माणूस, त्याची चूक मला समजते. ऑपरेटर पोरगी ठेक्यावरची, तिने तरी विचारलं. पण नंबर स्वतः दहातल्या नऊ वेळा ओरडून सांगत होता की मी खोटा आहे, आणि आम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवला. तपासणी बिघडली म्हणून बंद केली असती तर गोष्ट वेगळी. ती चोख काम करत होती, म्हणूनच अडचण होत होती.

मी साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे अजून कोणाला बोललात?”

“जमादारांना कळलंय.”

“मॅडम, त्या एका गावाचं चुकलं म्हटलं तर तालुक्याचं उकरलं जाईल. शंभर टक्क्यांचं सर्टिफिकेट वर गेलंय. तुम्ही एक करा, त्या बसवणप्पाकडून लिहून घ्या की या शेळ्या माझ्या नाहीत, आणि मिटवून टाका.”

“आणि सिद्राममामांना तुम्ही माइकवर चोर म्हणालात, ते?”

“मी चोर शब्द वापरला नाही.”

“चोरीच्या शेळ्या म्हणालात. शेळ्या स्वतः चालत गेल्या होत्या का?”

त्यांनी फोन ठेवला. चहावाल्याने न विचारता चहा आणून ठेवला.

जमादार मात्र कामाचा माणूस निघाला. म्हणाले, मॅडम, बेरीज मला पटली, वरच्यांना पटायला डोळ्यांनी दिसंल असं कायतरी पायजे. मग आम्ही दोघं बसवणप्पांच्या गोठ्यावर गेलो. साठातल्या चार चोरीला गेल्या, छप्पन्न उभ्या होत्या. सिस्टीमप्रमाणे त्यांच्या कानात ५२२५ ते ५२८४ यांपैकी नंबर हवेत. जमादारांनी छप्पन्नच्या छप्पन्न कान वाचले, मी लिहिले. एकाही कानात त्यांतला नंबर नव्हता. पहिला ५४५७, शेवटचा ६०४२. मध्ये कुठेही पाच हजार दोनशे नाही.

जमादारांनी बसवणप्पांना विचारलं, “ह्या शेळ्या कुणाच्या?”

“माज्या. दुसऱ्या कुणाच्या असत्यात?”

“मोबाइल म्हणतोय, यातली एकबी तुमची न्हाय.”

बसवणप्पांनी मोबाइलकडे बघितलं, शेळ्यांकडे बघितलं. “म्हंजी सिद्रामचं बी तसंच झालं व्हय?” म्हणाले. “आन म्या म्हनलो असतील म्हनून.” स्वतःहूनच त्यांनी जबाब लिहून दिला.

तरी शेळ्या सुटायला तिसरा दिवस उजाडला. आमच्या कचेरीचं पत्र लागत होतं आणि ते साहेबांच्या टेबलावर पडून होतं. जमादारांनी वरिष्ठांमार्फत लेखी विचारणा केली तेव्हा कुठे निघालं. पत्रात होतं, ‘तांत्रिक अडचणीमुळे मालकाच्या नावात तफावत आढळली.’ कोणाची चूक, काय चूक, काही नाही. आणि माफीचा तर प्रश्नच नव्हता.

मी पत्र घेऊन मामांच्या घरी गेले. शेळ्या दारात होत्या, पिल्लं आईला लुचत होती. मी मोजली, सवयच ती. सात भरली. आठवं पिल्लू आदल्या दिवशी गेलं होतं. मामी गाईचं दूध बाटलीने पाजत होत्या, पण ते दोन दिवसांचंच होतं आणि बाटली धरत नव्हतं.

मी पत्र वाचून दाखवलं. मामांनी ते हातात सुद्धा घेतलं नाही.

“म्याडम, कागुद म्या काय करू? मला वाचता येत न्हाय, आन गावातलं कोन माज्या घरी येऊन वाचनार हाय? त्यांनी नाव माइकवर घेतलं. चारशे मान्सं हुती. पोरगी मुरुमला दिलीया, तिच्या सासऱ्यानं काल फोन करून इचारलं, खरं का म्हनून. माइकवर घालवलं, माइकवरच आनून द्या.”

साहेबांना फोन केला. ते म्हणाले प्रदर्शन संपलंय, मंडप उठलाय, आता कुठला माइक. मी म्हटलं बरं.

मारुतीच्या देवळात स्पीकर होता. पुजाऱ्यांना विचारलं, त्यांनी लावून दिला. संध्याकाळी माणसं शेतातून परतायच्या वेळी मी बोलले. भाषण वगैरे काही नाही. मी कोण, कुठे काम करते ते सांगितलं. सिद्राममामांच्या शेळ्या त्यांच्याच आहेत, बोकडासकट. चूक आमच्या खात्याची आहे, स्क्रीनने सांगितलेली चूक आम्ही झाकली. परवा स्कॅन मी केलं होतं, म्हणून माफी मी मागते. एवढंच तीनदा सांगितलं, कारण एकदा कोणी नीट ऐकत नाही. खाली उतरले तर पारावर बसवणप्पा मामांचा हात धरून उभे होते. मामा हात सोडवून घेत नव्हते.

आठवड्याने मला नोटीस आली. पूर्वपरवानगीशिवाय जाहीर निवेदन केलं, शासकीय माहिती चुकीची असल्याचं सांगून खात्याची प्रतिमा मलिन केली, खुलासा करावा. मी खुलासा केला. एकशे चाळीस नंबर एकाखाली एक लिहिले, प्रत्येकाची बेरीज हाताने करून समोर मांडली, सोळा पानं झाली. शेवटी लिहिलं, वरील खोट्या एकशे सव्वीस नंबरांच्या बेरजांपैकी एकीला जरी दहाने पूर्ण भाग घालून दाखवलात तर मी खात्याची आणि आपली जाहीर माफी मागेन, स्पीकर आपण म्हणाल तो. उत्तर आलं नाही. निवृत्तीपर्यंत आलं नाही.

माने आणि मी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या गावातला प्रत्येक कान वाचला आणि यादी दुरुस्त केली. बाकीच्या गावांच्या याद्या सलगच आहेत. मी लेखी कळवलंय, तीनदा. बक्षीस दुसऱ्याकडेच राहिलं.

एकतीस वर्षांच्या नोकरीतून मी शिकले ते एवढंच की स्क्रीनवर लाल ओळ आली तर आधी आपली चूक शोधावी, ती ओळ बंद करायचा रस्ता शोधू नये. आमचं खातं यातून काय शिकलं ते मला माहीत नाही. त्या महिन्याच्या तक्त्यात या प्रकरणापुढे ‘नुकसान : निरंक’ असं लिहून गेलं. नियमाने ते बरोबरच होतं. एवढ्या लहान पिल्लाला टॅग मारत नाहीत, त्यामुळे ते आमच्या हिशेबी कधी जन्मलंच नव्हतं.